फुगडी, अरमंडी आणि तुमची नाडी

दोन वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यातील गोष्ट. एका शाळेने मला नववीच्या मुलामुलींपुढे ‘कार्य आणि ऊर्जा’ या विषयावर बोलायला बोलावले होते. बाहेर पावसाची झड लागली होती, मैदानाचे तळे झाले होते आणि खेळाचा तास रद्द करून तो माझ्या व्याख्यानाला दिलेला होता. म्हणजे वर्ग माझ्यावर आधीच रागावलेला! मी नेहमीचे उदाहरण काढले. भिंतीला तासभर ढकलत राहा. भिंत हलत नाही, म्हणजे विस्थापन शून्य. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. म्हणून कितीही घाम गाळला तरी कार्य शून्य. मुले हसली. पंचवीस वर्षे ती या ठिकाणी हसत आली आहेत.

मग शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. ती म्हणाली, “सर, मी भरतनाट्यम शिकते. अरमंडीत बसवून आमच्या ताई आम्हांला दोन-दोन मिनिटे तसेच थांबायला लावतात. आम्ही जरासुद्धा हलत नाही. म्हणजे कार्य शून्य. मग पाय का थरथरतात?”

मी सांगितले, की शास्त्रातले ‘कार्य’ वेगळे आणि बोलण्यातले ‘काम’ वेगळे. ती “हो सर” म्हणून खाली बसली. पण तिचे समाधान झाले नव्हते आणि खरे सांगायचे तर माझेही नव्हते. हे उत्तर नव्हते, ही पळवाट होती. तेवढ्यात तिच्या शेजारची हळूच म्हणाली, “सर, हिला खेळाच्या तासाला सांगतात, नाच म्हणजे काही व्यायाम नव्हे, पळायला चल.” पुन्हा हशा झाला. त्या हशात ती मुलगी मात्र सामील झाली नाही.

त्या दिवशी उधार राहिलेले उत्तर आज देतो आहे. ते देताना आणखी एक प्रश्न तपासायचा आहे. मैदान नाही, पाऊस आहे, घर दोन खोल्यांचे आहे. अशा वेळी घरातल्या घरात नाचून हृदयाला आणि स्नायूंना खराखुरा व्यायाम होतो का? यावर मते देत बसण्याचे कारण नाही. हे मोजता येते.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा स्वतःच अरमंडीत उभा राहिलो. टाचा जवळ, पावले बाहेरच्या बाजूस वळवलेली, गुडघे पावलांच्याच दिशेने दोन्ही बाजूंना वाकवलेले, पाठ ताठ. उभे आणि बसलेले यांच्या मधली ही स्थिती. पन्नासाव्या सेकंदाला माझ्या मांड्या पेटल्या आणि सत्तराव्या सेकंदाला मी भिंतीला हात लावला. पलंगावर बसून हे पाहणाऱ्या माझ्या आईने विचारले, “काय रे, काही हरवलंय का खाली?”

आता विचार करा. सरळ ताठ उभे असताना तुमचे वजन हाडांच्या खांबांवरून जमिनीत उतरते. स्नायूंना फारसे करावे लागत नाही. गुडघे वाकवले की खांब मोडतो आणि त्या ठिकाणी तरफ तयार होते. समजा, तुमचे वजन ४० किलो आहे. म्हणजे प्रत्येक पायावर २० किलो. अरमंडीत गुडघा पावलापासून आडव्या अंतराने साधारण २० सेंटीमीटर बाहेर जातो. हा झाला भाराचा भुज. गुडघा सरळ धरून ठेवणारा मांडीचा पुढचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून जातो, आणि त्याचा भुज असतो जेमतेम ४ सेंटीमीटर. तरफेचा नियम लावा : २० गुणिले २० भागिले ४. उत्तर येते १००. म्हणजे तुमच्या एकेका मांडीचा स्नायू ढोबळ मानाने १०० किलोग्रॅम-भार इतक्या ताणाने ओढत असतो. ज्वारीचे क्विंटलभराचे पोते एका मांडीला आणि दुसरे दुसऱ्या मांडीला! घरात वजने नाहीत, डंबेल्स नाहीत, म्हणून शक्तीचा व्यायाम होत नाही असे म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवा.

पण बल कितीही मोठे असले तरी विस्थापन शून्य, हा मुलीचा मुद्दा तसाच राहतो. टेबलही पुस्तकांचा भार वर्षानुवर्षे पेलते, त्याला कधी घाम येत नाही. मग स्नायूला का येतो?

याचे उत्तर स्नायूच्या आत आहे. स्नायूंच्या तंतूंत दोन प्रकारचे बारीक धागे एकमेकांत गुंतलेले असतात, ॲक्टिनचे आणि मायोसिनचे. मायोसिनच्या धाग्यांना असंख्य सूक्ष्म बाहू असतात. ते ॲक्टिनला पकडतात, खेचतात, सोडतात आणि पुन्हा पकडतात. धागे असे एकमेकांवरून सरकल्यामुळे स्नायू आखडतो, ही कल्पना १९५४ साली ‘नेचर’ या साप्ताहिकाच्या एकाच अंकात दोन वेगवेगळ्या गटांनी मांडली. गंमत म्हणजे दोन्ही गटांत एकेक हक्सले होते, अँड्र्यू हक्सले आणि ह्यू हक्सले, आणि त्यांचे एकमेकांशी काही नाते नव्हते.

महत्त्वाची गोष्ट अशी, की कोणताही एक बाहू फार वेळ पकडून राहू शकत नाही. तो सुटतो, आणि पुन्हा पकडायला त्याला प्रत्येक वेळी एटीपी या ऊर्जावाहक रसायनाचा एक रेणू खर्च करावा लागतो. विहिरीत अर्ध्यावर लोंबकळणारी भरलेली बादली पाच-सहा मुलांनी दोर धरून स्थिर ठेवली आहे अशी कल्पना करा. प्रत्येकाचा हात क्षणभराने निसटतो आणि तो दोर पुन्हा पकडून थोडा ओढतो. बादली जागची हलत नाही. बाहेरून पाहणारा म्हणेल, कार्य शून्य. पण दोरावरच्या हातांना विचारा! अरमंडीत नेमके हेच चालते. तुमच्या शरीरावर कार्य शून्य होते, हे पुस्तकातले विधान बरोबर आहे. परंतु स्नायूच्या आत लक्षावधी बाहू क्षणोक्षणी लहान-लहान कार्य करीत असतात आणि ते सारे उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. स्नायूंत निर्माण होणाऱ्या याच उष्णतेच्या अभ्यासाबद्दल ए. व्ही. हिल या ब्रिटिश शास्त्रज्ञाला १९२२ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते. हिलचे मूळ शिक्षण गणिताचे, हे आम्हां भौतिकीवाल्यांना उगाचच सुखावते.

आणि थरथर? स्नायूतील तंतूंचे गट पाळीपाळीने भार घेतात. शिवाय ताठरलेला स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबून टाकतो, त्यामुळे प्राणवायूचा पुरवठा घटतो आणि तंतू लवकर थकतात. थकलेल्या गटांची जागा घ्यायला नवे गट घाईघाईने कामाला लागतात, त्यांची लय जुळत नाही, आणि पाय लटपटू लागतात. म्हणून अशा स्थितीत श्वास रोखू नका. दात-ओठ खाऊन श्वास धरला की रक्तदाब उगाच चढतो. मोठ्याने आकडे म्हणत उभे राहिले, की श्वास आपोआप चालू राहतो.

अरमंडीत मांड्यांची परीक्षा होते, हे आपण पाहिले. पण हृदयाचे काय? तिथे मात्र हलावेच लागते. तेव्हा आता आपण माझ्या आईच्या विषयाकडे वळू.

फुगडीचे गणित

आईला मी सगळे समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, “आम्ही मंगळागौर जागवायचो तेव्हा रात्रभर हेच करत होतो. पण बसून राहायचो नाही.” श्रावणातल्या मंगळवारी नव्या लग्न झालेल्या मुलीची मंगळागौर पुजायची आणि रात्र जागवायला फुगडी, झिम्मा, पिंगा असे खेळ खेळायचे, हे तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ऐकून तरी माहीत असेल. गोव्यात चतुर्थीच्या दिवसांत बायका फुगडी घालतात. उकिडवे बसून, एकेक पाय आळीपाळीने पुढे टाकीत घालायची एक फुगडी आहे. तिचे नाव गावागणिक बदलते, मांड्यांची अवस्था मात्र सगळीकडे एकच होते. आपल्या पूर्वजांनी हे सारे व्यायामशास्त्र जाणूनच रचले होते, असे हल्ली कोणी सांगू लागले की मी गप्प बसतो. कारण तसा पुरावा नाही. बायकांना खेळायचे होते, आणि खेळायला घराची ओसरीच तेवढी मोकळी होती. पण कारण काहीही असो, शरीरावर परिणाम व्हायचा तो होतोच.

उभ्या फुगडीत दोघी पावले जवळ आणतात, हातांची अढी घालून घट्ट धरतात, मागे रेलतात आणि गरगर फिरतात. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला केंद्राकडे ओढणारे बल लागते. यालाच अभिकेंद्री बल म्हणतात. त्याचे सूत्र : वस्तुमान गुणिले त्रिज्या गुणिले कोनीय वेगाचा वर्ग. समजा, तुमचे वस्तुमान ४० किलोग्रॅम आहे आणि तुमचा गुरुत्वमध्य फिरण्याच्या अक्षापासून ४० सेंटीमीटरवर आहे. दोन सेकंदांत एक फेरी होत असेल तर कोनीय वेग दर सेकंदाला ३.१४ रेडियन, त्याचा वर्ग सुमारे ९.९. सगळे गुणा. बल येते १५८ न्यूटन, म्हणजे सुमारे १६ किलोग्रॅम-भार. १५ किलोचा तेलाचा डबा उचलण्याइतके हे झाले.

आता रंग चढला आणि एका सेकंदात एक फेरी होऊ लागली. वेग दुप्पट झाला. पण सूत्रात वेगाचा वर्ग आहे, म्हणून बल चौपट : सुमारे ६४ किलोग्रॅम-भार. सिमेंटच्या पोत्याहून अधिक! यातला काही वाटा पावलांच्या घर्षणातून येतो, पण बरीचशी जबाबदारी तुमच्या बोटांच्या पकडीवर असते. फुगडीत हात सुटून मुली भिंतीवर आदळतात त्या का, हे आता ध्यानात येईल. ‘थोडीच तर जोरात फिरत होतो’ या वाक्यातला ‘थोडीच’ हा शब्द वर्गाचा नियम विसरतो. तेव्हा हात घामेजले असले तर पुसा, फरशी ओली असेल तर खेळू नका, पायमोजे घालून तर मुळीच नको, आणि जोडीदारणीला सांगितल्याशिवाय हात सोडू नका. थांबायचे असेल तेव्हा आधी वेग कमी करा.

आणखी एक मजा पाहा. ४० किलोची भाची आणि ६० किलोची मावशी यांची फुगडी कशी जमते? न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे दोघींच्या हातांतली ओढ सारखीच असते. मग मावशीचा गुरुत्वमध्य अक्षाच्या जवळ राहतो आणि भाचीचा लांब. अंतरांचे प्रमाण दोनास तीन. वडीलधारी बाई जागच्या जागी फिरते आणि पोरगी परकरासह वर्तुळभर उडते, ते यामुळेच. घेरी येऊ नये म्हणून जोडीदारणीच्या चेहऱ्याकडे पाहत राहावे, असे आई सांगते, आणि ते अगदी बरोबर आहे. फिरणाऱ्या दोघींना सगळ्या खोलीत स्थिर दिसणारी गोष्ट तेवढी एकच असते.

कुलपाचा लंबक आणि मनगटाची नाडी

आता मोजमापाकडे येऊ. साहित्य अगदी साधे : एक लोखंडी कुलूप, सुतळी, मोजपट्टी आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ. मोबाइलमधले घड्याळही चालेल, पण मोबाइल हातात न धरता कोनाड्यात ठेवा, नाहीतर नाडी मोजायचे राहून जाते!

दाराच्या चौकटीला सुतळीने कुलूप टांगा. टांगल्या जागेपासून कुलपाच्या मध्यापर्यंतची लांबी १०० सेंटीमीटर (नेमकेच हवे तर ९९.४) ठेवा. त्याला हळूच झोका द्या. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला त्याला एक सेकंद लागेल. एके काळी मीटरची लांबीच अशा सेकंद-लंबकावरून ठरवावी असा प्रस्ताव होता. सुतळी २५ सेंटीमीटर केली, म्हणजे एक-चतुर्थांश, तर वेळ निम्मा होतो आणि मिनिटाला १२० ठोके मिळतात. ४४ सेंटीमीटरला सुमारे ९० मिळतात. झाला तुमचा तालमास्तर तयार. रेडिओ नको, तबला नको. सतराव्या शतकाच्या आरंभी सान्तोरिओ नावाच्या इटालियन वैद्याने लंबकाच्याच साहाय्याने रोग्यांची नाडी मोजण्याचे उपकरण केले होते. आपण त्याच घराण्यातले.

नाडी पाहताना मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दुसऱ्या हाताची मधली दोन बोटे हलकेच ठेवा. अंगठ्याने पाहू नका, कारण अंगठ्यातही ठोका जाणवतो आणि मग आपण कोणाची नाडी मोजतो ते कळत नाही. पाच मिनिटे शांत बसून १५ सेकंदांतले ठोके मोजा आणि चाराने गुणा. मग तीन मिनिटे लंबकाच्या तालावर नाचा. संपताच लगेच पहिल्या १५ सेकंदांचे ठोके मोजा, एका मिनिटाने पुन्हा मोजा, दोन मिनिटांनी पुन्हा मोजा. आलेखाच्या कागदावर बिंदू मांडा.

काय नाचायचे? कथकमधला तत्कार याला उत्तम, कारण त्याला चौरंगाएवढी जागा पुरते. जागच्या जागी उभे राहून ‘ता थेई थेई तत्’ या बोलांवर पावले आपटायची. आधी लंबकाच्या एका ठोक्याला एक पाऊल, मग त्याच लंबकावर एका ठोक्याला दोन पावले, म्हणजे दुगुण. २५ सेंटीमीटरच्या लंबकावर दुगुण केली, तर मिनिटाला २४० पावले होतात. बोलणाऱ्याची बोलती बंद होते. ज्यांना कथक येत नाही त्यांनी झिम्मा घ्यावा : टाळी, उडी, गिरकी, पुन्हा टाळी. मुलग्यांनो, तुम्ही नाक मुरडू नका. लेझीम घ्या. लेझमीत झुकणे, उठणे, पाय टाकणे आणि हात फेकणे इतके भरपूर आहे, की घरात ती साखळी न वाजवताही सगळे करता येते. शेजाऱ्यांचे आशीर्वाद मिळतील ते वेगळे.

मी शेहेचाळिसाव्या वर्षी हा प्रयोग केला तेव्हाचे माझे आकडे लपवीत नाही. शांत बसून ७६. तीन मिनिटांच्या झिम्म्यानंतर १४८. एका मिनिटाने १२८. दोन मिनिटांनी ११६. माझ्या नववीतल्या पुतणीचे : ८०, १६४, ११६, ९६. आमच्या दोघांच्या आलेखांकडे पाहिल्यावर कोणाचे हृदय सुस्त ते सांगावे लागत नाही. वर चढलेला आकडा फारसे काही सांगत नाही. मुलांचे ठोके तर जोराच्या व्यायामात २०० च्या आसपासही जातात. पाहायचा तो उतार. हृदय जितके सरावाचे, तितका आलेख थांबल्यावर भरकन खाली येतो.

याचे कारण सांगतो. प्रौढ माणसाचे हृदय स्वस्थ असताना एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त ढकलते, मिनिटाला ७० ठोके धरले तर सुमारे ५ लिटर. जोराच्या व्यायामात हे मिनिटाला १५ ते २० लिटरांपर्यंत जाते. नियमित व्यायामाने एका ठोक्यात ढकलले जाणारे रक्त वाढते, म्हणून तेवढ्याच कामाला ठोके कमी पुरतात. आता महत्त्वाचा मुद्दा : स्नायूंना प्राणवायू हवा आहे, एवढेच हृदयाला कळते. तो मैदानावर पळण्यासाठी हवा आहे की माजघरात झिम्मा खेळण्यासाठी, हे हृदय विचारत नाही. १६४ म्हणजे १६४.

ही गोष्ट परदेशातही काही जणींनी ओळखली होती. अमेरिकेच्या हवाईदलातले डॉक्टर केनेथ कूपर यांचे ‘एरोबिक्स’ हे पुस्तक १९६८ साली निघाले. पळणे, पोहणे, सायकल चालवणे यांनी हृदयाची क्षमता कशी वाढते, हा त्याचा विषय. दुसऱ्याच वर्षी जॅकी सोरेन्सन या नर्तिकेने पोर्तो रिको बेटावर तीच गोष्ट नृत्यातून शिकवायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी जुडी शेपर्ड मिसेट या दुसऱ्या नर्तिकेने ‘जॅझरसाइझ’ सुरू केले. १९८२ साली अभिनेत्री जेन फोंडाची व्हिडिओ-कॅसेट आली आणि हा व्यायाम दिवाणखान्यात शिरला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल हवी, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू आणि हाडे बळकट करणारी. यात मैदानाची अट नाही. हालचाल किती जोरकस आहे, हे ओळखायची सोपी खूणही आहे : बोलता येते पण गाता येत नाही, तर मध्यम; चार शब्दांपुढे बोलताच येत नाही, तर जोरकस.

उडी, पोळी आणि खालचे बिऱ्हाड

नाचून किती ऊर्जा खर्च होते, हेही काढू या. ४० किलोचे शरीर १० सेंटीमीटर वर उचलायला सुमारे ४० ज्यूल लागतात. मिनिटाला १२० उड्या म्हणजे ४,८०० ज्यूल. स्नायूंची कार्यक्षमता साधारण एक-चतुर्थांश. म्हणून शरीराला खर्च येतो सुमारे १९,००० ज्यूल, म्हणजे साडेचार कॅलरीच्या आसपास (आहारातल्या मोठ्या कॅलरी). टाचेमागची शीर स्प्रिंगसारखी थोडी ऊर्जा परत देते, ती या ढोबळ हिशेबात धरलेली नाही. वीस मिनिटांत सुमारे ९० कॅलरी झाल्या. एक पोळी! काहींना हे ऐकून वाईट वाटते. मला उलट पोळीचे कौतुक वाटते.

उरलेल्या तीन-चतुर्थांश ऊर्जेची उष्णता होते, मिनिटाला १४,००० ज्यूलहून जास्त. एक ग्रॅम घामाची वाफ होताना त्वचेतून सुमारे २,४०० ज्यूल घेतले जातात. म्हणजे मिनिटाला सहा ग्रॅम घाम, चहाच्या चमच्याहून थोडा अधिक, वाळायला हवा. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात हवा ओलीच असते. घाम वाळत नाही, नुसता ठिबकतो, आणि ठिबकलेला घाम उष्णता नेत नाही. म्हणून खिडकी उघडा, पंखा लावा, मध्येमध्ये पाणी प्या.

आता खालच्या बिऱ्हाडाचा प्रश्न. आमच्या खालच्या काकू दुसऱ्याच दिवशी काठीने छत ठोकू लागल्या. त्यांचा राग शास्त्रीय होता! २० सेंटीमीटर उंचीवरून गुडघे ताठ ठेवून उतरलात आणि शरीर समजा २ सेंटीमीटरांत थांबले, तर थांबवणारे सरासरी बल वजनाच्या ११ पट येते. गुडघे आणि घोटे वाकवून तेच थांबणे २० सेंटीमीटरांवर पसरलेत, तर फक्त दुप्पट. ४० किलोच्या मुलीला ४४० किलोग्रॅम-भार की ८०? सांधे तुमचे आहेत, निवड करा. थोडा धक्का हाडांना हवाच असतो. तुमच्या वयात हाडे भरत असतात आणि उड्या-फुगड्यांचा भार त्यांना बळकट करतो. पण धपकन आवाज झाला, तर उतरणे चुकले असे समजा. हल्ली काकूंची काठी वाजली नाही की पुतणी आपले उतरणे बरोबर झाले असे वहीत लिहिते.

स्नायूंच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवा. रोज तेवढेच केले, तर ते तेवढ्यालाच पुरतात. म्हणून अरमंडीचा काळ आठवड्याला दहा सेकंदांनी वाढवावा, किंवा थोडे खोल बसावे; उकिडव्या फुगडीचे आवर्तन एकेक वाढवावे. एक दिवस आड करणे बरे. ज्यांना दमा आहे, हृदयाचा किंवा गुडघ्यांचा काही त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर प्रयोग तिथेच थांबवावा.

मी सहा आठवडे हे केले. अरमंडी ७० सेकंदांवरून दोन मिनिटांवर गेली आणि झिम्म्यानंतर एका मिनिटाची नाडी १२८ वरून खाली आली. एका माणसाच्या आकड्यांनी काही सिद्ध होत नाही, हे विज्ञानाच्या मासिकात मी सांगायला नको. तुमच्या वर्गातल्या चाळीस जणांचे आकडे मात्र बोलू लागतील. सहा आठवडे, दर रविवारी एक नोंद, एवढेच करायचे.

पुन्हा त्या शाळेत गेलो तेव्हा हा सगळा हिशेब मी फळ्यावर मांडला. त्या मुलीने शांतपणे ऐकले, दोरावरचे हात तिला पटले. मग ती पुन्हा उठली. “सर, उभ्याने अगदी हळूहळू अरमंडीत खाली बसताना विस्थापन खाली आहे आणि स्नायूंची ओढ वर. म्हणजे स्नायूंचे कार्य ऋण. उठताना धन. मग दुसऱ्या दिवशी पाय जास्त दुखतात ते हळू खाली बसण्याच्या सरावाने, उठण्याच्या नव्हे. असे का?”

तिचे निरीक्षण बरोबर आहे. जिने चढण्यापेक्षा गड उतरल्यावर मांड्या दोन दिवस जास्त दुखतात, ते हेच. लांब होता होता भार पेलणाऱ्या स्नायूत मायोसिनच्या त्या बाहूंचे काय होत असेल? दोर हातातून जबरदस्तीने सरकत असताना बादली धरून पाहा, आणि सुचेल ते उत्तर आपल्या आकड्यांसोबत लिहून ठेवा.